दुसरी बेरीज

मी भित्री आहे. घरात सगळे त्यावरून चेष्टा करतात. दादा तर मला दुबारबाई म्हणतो, कारण कुलूप लावून चार पायऱ्या उतरले की मी परत वर जाऊन ते ओढून बघते. पण माझं काम असं आहे की तिथे भित्र्या माणसालाच ठेवावं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, दार उघडताच गार वारा अंगावर येतो अशा खोलीत, बारा डिस्कचं एक जुनं कपाट आहे. रोग्यांचे स्कॅन, एक्स-रे, किरणोपचाराचे आराखडे, सगळं त्यात. अठरा वर्षं मी त्याची राखण करते आहे आणि अठरा वर्षांत त्यातली एक ओळ हरवू दिलेली नाही. हे मी पूर्वी ऐटीत सांगायचे.

दादा घड्याळं दुरुस्त करतो. त्याचा डावा डोळा लहानपणापासून अधू. उजव्या डोळ्यावर भिंग चढवून त्याने सगळा संसार ओढला. गेल्या महिन्यात त्याच्या डाव्या डोळ्यामागे वाटाण्याएवढी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, कापायची जागा नाही, किरणं द्यायची, तीस बैठका. वेगवेगळ्या कोनांतून किरण असे सोडायचे की गाठ जळावी आणि शेजारचा चांगला डोळा वाचावा. दादाने हे ऐकून मान हलवली आणि हातातलं घड्याळ पुरं केलं. घाबरायचं काम नेहमीप्रमाणे त्याने माझ्यावर सोपवलं होतं. मी रात्री उठून आरशासमोर एक डोळा झाकून बघायचे की असं किती दिसतं.

त्याचा आराखडा माझ्याच कपाटात राहणार, हे कळल्यावर त्याने दुकानात मला विचारलं की तुझी एखादी डिस्क बिघडली तर? मी त्याच्या कॅलेंडरचं मागचं पान उलटलं आणि तीन आकडे लिहिले. चार, सात, दोन. समज, या तीन डिस्क. त्यांची बेरीज तेरा, ती एका वेगळ्या डिस्कवर ठेवायची. सात हरवले तर तेरातून उरलेले सहा वजा कर, सात परत आले. पण दोन एकदम हरवले तर? म्हणून दुसरी बेरीज ठेवायची, आणि ती जागा धरून करायची. पहिल्याला एकने गुणायचं, दुसऱ्याला दोनने, तिसऱ्याला तीनने. चार, चौदा आणि सहा, झाले चोवीस. आता दोन आकडे हरवले तरी आपल्याकडे दोन समीकरणं आहेत, शाळेत सोडवायचो तशी. आमच्या धंद्यात या बेरजांना पॅरिटी म्हणतात. खऱ्या कपाटातलं अंकगणित याहून चमत्कारिक असतं, त्यात आकडे कधी मोठे होतच नाहीत, पण गाभा हाच.

आणि खरी गंमत पुढे आहे, मी त्याला म्हणाले. डिस्क हरवली नाही, पण खोटं बोलायला लागली तर? समज, सातचे नऊ सांगते आहे. पहिली बेरीज दोनने चुकेल, दुसरी चारने. चार भागिले दोन, म्हणजे दुसऱ्या जागेवरची डिस्क खोटं बोलते आहे, आणि दोनने बोलते आहे. चोर आणि चोरी, दोन्ही एका भागाकारात सापडतात.

दादाने भिंग कपाळावर सरकवून ते पान नीट वाचलं. म्हणाला, म्हणजे तुझं कपाटही दुबारबाईच आहे. आम्ही दोघंही हसलो. मला त्या दिवशी खरंच धीर आला होता.

शुक्रवारी दुपारी कपाटाचा एक पंखा घरघर करायला लागला. तो बदलायचा तर दोन डिस्कच्या केबल आड येतात, चौथ्या आणि सातव्या. नियम असा की कपाट बंद करायचं, मग हात घालायचा. पण बंद करायला तीन विभागांची लेखी परवानगी लागते, आणि त्याच दुपारी दादाचा आराखडा साठवला जाणार होता. आराखडे काढणारे आमचे फिजिसिस्ट आहेत, प्रत्येक गोष्ट दोनदा मोजतात म्हणून त्यांना सगळे फूटपट्टी म्हणतात. मीच आठवडाभर त्यांच्या मागे भुणभुण लावली होती की शुक्रवारी काम पुरं करा, म्हणजे सोमवारी दादाची पहिली बैठक होईल. कपाट बंद केलं असतं तर सगळं आठवडाभर पुढे गेलं असतं. आणि गाठ काही आठवडाभर थांबणार नव्हती, असं मला वाटत होतं.

म्हणून मी कपाट चालू ठेवूनच हात घातला. खरं तर एक केबल काढावी, लावावी, मग दुसरी काढावी. पण मला माझं गणित पाठ होतं: दोन डिस्क नसल्या तरी या कपाटाचं काही अडत नाही. अडाणी माणसाने एकेक काढली असती. मी दोन्ही एकदम काढल्या, पंखा बदलला, दोन्ही लावल्या. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

नऊ मिनिटांनी एक्स-रे विभागातून फोन आला की एका रोग्याचा फोटो फाटल्यासारखा दिसतोय, अर्ध्या छातीवर दुसरंच काहीतरी आलंय. मी वाकून बघितलं. केबल उलट्या लागल्या होत्या. चौथीची सातवीला, सातवीची चौथीला. आमचं कपाट इतकं जुनं की डिस्कला तिचं नाव विचारत नाही. ज्या जागेवर आहे तीच ती, असं धरून चालतं. मी चटकन केबल सरळ केल्या आणि एक्स-रेवाल्याला म्हटलं, आता बघा. तो म्हणाला, आता छान दिसतंय. मी पहिल्या बेरजेची झटपट तपासणी चालवली. सगळं हिरवं. दुसऱ्या बेरजेच्या तपासणीला आठ तास लागतात, ती रविवारी आपोआप होते. मी पंख्याची नोंद केली, केबलची केली नाही. तोंडाला कुलूप लावलं आणि घरी गेले. घराचं कुलूप मात्र त्या दिवशी तीनदा ओढून बघितलं.

सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मी अहवाल उघडला. पहिली बेरीज सगळीकडे जुळत होती. दुसरी बेरीज दोनशे बारा ठिकाणी चुकत होती.

डोकं आपल्या सवयीने भागाकार करत राहिलं. एखादी डिस्क खोटं बोलली असती तर पहिली बेरीजही चुकली असती. ती तर शून्याने चुकते आहे, म्हणजे चुकतच नाही. मग पुस्तकाप्रमाणे निष्कर्ष एकच: दोन बेरजांच्या डिस्क सोडून उरलेल्या दहाही डिस्क खऱ्या आहेत, आणि दुसरी बेरीज जिच्यावर लिहिली आहे तीच डिस्क बिघडली आहे. अहवालाच्या खाली तेच लिहिलं होतं, आणि त्याच्या खाली एक बटण होतं: दुरुस्ती. ते दाबलं की कपाट डिस्कवरचे आकडे खरे धरतं आणि दुसरी बेरीज नव्याने करून जुनीवर लिहितं.

मी साहेबांना फोन केला. ते दुसऱ्या इमारतीत बसतात. त्यांनी अहवाल तिथूनच पाहिला आणि म्हणाले, गणित स्पष्ट आहे, दुरुस्ती मारा, विषय संपवा. शुक्रवारी तिकडे कोणी हात-बित घातला होता का, असंही त्यांनी सहज विचारलं. मी म्हणाले, पंखा बदलला फक्त.

आता हे लिहिताना मला माझीच चीड येते. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माहीत होतं असंही नाही. मनाच्या एका कोपऱ्यात ती नऊ मिनिटं अंग चोरून बसली होती आणि मी तिकडे पाठ केली होती. बटण दाबलं की दुसरी बेरीज गप्प होणार, साहेब गप्प होणार, मीही सुटणार. अठरा वर्षांची ऐट शाबूत. सव्वानऊला मी बटण दाबलं. मी, कुलूप दोनदा ओढून बघणारी, या वेळी एकदाही मागे वळले नाही.

पावणेदहाला सगळं हिरवं झालं. मी चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, एक तक्रार निपटली. दादाचा फोन आला की तो वहिनीला न घेता एकटाच आलाय, अकराची वेळ आहे पण आधीच आत बोळात बाकावर बसलाय, एका बस चालवणाऱ्या बाईंशी छान गप्पा चालल्या आहेत. आवाज इतका मोकळा होता की मलाच रडू यायचं राहिलं.

मग साडेदहाला साहेबांना पाठवायला म्हणून मी त्या दोनशे बारा जागांची यादी काढली. डिस्क बिघडते तेव्हा ती कुठेही बिघडते, इथे एक ओरखडा, तिथे एक डाग. इथे सगळ्या जागा ओळीने होत्या. मी शेजारी लिहिल्याच्या वेळा लावून बघितल्या. पहिली शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी. शेवटची चार वाजून एकोणीस मिनिटांनी. बिघडणारी डिस्क घड्याळ बघून बिघडत नाही.

मी टेबलावरचा कागद ओढला आणि लहान मुलासारखे आकडे लिहिले. चार, सात, दोन. चार आणि दोनची अदलाबदल केली, कारण केबल उलट्या असताना लिहिलेलं त्या सरळ केल्यावर एकमेकांच्या जागी जाऊन बसलं होतं. दोन, सात, चार. पहिली बेरीज तेराच. बेरजेला कोण कुठे बसलंय याच्याशी काय देणंघेणं. दुसरी बेरीज अठ्ठावीस, चोवीस नाही. दुसरी बेरीज बिघडली नव्हती. सगळ्या कपाटात ती एकटी खरं सांगत होती, आणि मी एक तासापूर्वी तिच्या तोंडून खोटं वदवून घेतलं होतं. आता ती अठ्ठावीसच सांगणार होती, जन्मभर.

त्या नऊ मिनिटांत कोणत्या फायली लिहिल्या गेल्या, ते शोधायला मी दादाचा रोगी-क्रमांक टाकला. एकशे एकतीस जागा त्याच्या एकट्याच्या होत्या.

पावणेअकराला मी तळघराच्या बोळातून धावले. किरणांचं मशीन जड असतं, म्हणून तेही आमच्याच मजल्यावर आहे, दुसऱ्या टोकाला. मी धावायचं वय सोडून बरीच वर्षं झाली. एका ठिकाणी चप्पल निघाली ती तिथेच राहिली. मला फक्त उजवा डोळा दिसत होता, भिंगामागचा, मोठा झालेला. बाकावर दादा नव्हता. तिथे एक बाई एकट्या बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, त्यांना आत्ताच आत घेतलंय, लवकर नंबर लागला.

मशीनच्या बाहेरच्या खोलीत टेक्निशियन बाई काचेच्या पलीकडे बघत होत्या. दादा टेबलावर आडवा होता, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवलेला, हात पोटावर. मी म्हणाले, थांबवा. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"बेरीज जुळलीय, ताई. आराखड्यातल्या सगळ्या आकड्यांची मशीन बेरीज करतं, कागदावरच्या बेरजेशी ताडतं, मगच पुढे जाऊ देतं. बघा, हिरवं आहे."

मी ते हिरवं बघितलं. तीही पहिलीच बेरीज होती. कुठल्या कोनातून किती, हे उलटंपालटं झालं तरी तिला काय. त्यांना हे कसं समजावू? हातात पुरावा काय? पुरावा मी स्वतः पुसला होता. आता कपाटाला विचारलं तर पहिली बेरीज बरोबर, दुसरी बरोबर, सगळं बरोबर. त्यांचा हात बटणाकडे गेला. भावाच्या काळजीने बाईचं डोकं फिरलंय, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली होती.

"शुक्रवारी मी केबल उलट्या लावल्या होत्या," मी म्हणाले. "नऊ मिनिटं. मी कोणाला सांगितलं नाही. आणि आज सकाळी त्याची खूणसुद्धा मीच पुसली. हा आराखडा त्याच नऊ मिनिटांतला आहे."

त्यांनी हात मागे घेतला. त्यांनी फूटपट्टींना फोन लावला.

फूटपट्टी शुक्रवारचा छापील कागद घेऊन आले. तो त्यांनी साठवण्याआधीच काढला होता, सवयीने. पडद्यावरचा आराखडा आणि कागद शेजारी ठेवून ते एकेक ओळ बोटाने खाली सरकत गेले. अर्ध्यावर बोट थांबलं. मग त्यांनी कागदावरचे आणि पडद्यावरचे दोन ठोकळे मला दाखवले. आकडे तेच होते, एकही वेगळा नव्हता. फक्त डावीकडून द्यायचे ते उजवीकडे आले होते आणि उजवीकडचे डावीकडे. त्यांनी स्वतःच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं आणि म्हणाले, इथून गेलं असतं.

मी भिंतीला टेकून खाली बसले. आत टेक्निशियन बाई दादाचा मुखवटा सोडवत होत्या. तो उठून बसला, डोळे चोळले, काचेतून मला बघितलं आणि हात हलवला. उजवा डोळा, डावा डोळा, दोन्ही आहेत तिथे होते. मला इतकं हलकं वाटलं की लाजही वाटेना. नोकरी जाईल तर जाऊ दे, साहेब काय बोलायचं ते बोलू देत. वाचला.

फूटपट्टी अजून कागद बघत उभे होते. त्यांनी विचारलं, एकूण जागा किती म्हणालात? मी म्हणाले, दोनशे बारा. त्यातल्या यांच्या? एकशे एकतीस.

"आणि बाकीच्या एक्याऐंशी?"

मी फक्त दादाचा क्रमांक टाकला होता. यादी माझ्यासमोर होती, आणि मी ती पुरी वाचलीच नव्हती.

त्यांना वाचायची गरज पडली नाही. तुम्ही मागे लागला होतात म्हणून मी बसलोच होतो, ते हळू आवाजात म्हणाले, तर हाताबरोबर आणखी एक आराखडा साठवून टाकला. कानामागच्या गाठीचा. त्यांनी भिंतीवरचा आजचा वेळांचा तक्ता बघितला, आणि टेक्निशियन बाईंनीही बघितला. बाईंचा चेहरा उतरला. ती बैठक सकाळीच झाली, तीसपैकी एक, फूटपट्टी म्हणाले, कदाचित काहीच होणार नाही. कदाचित होईल. ते आपल्याला काही महिन्यांनी कळेल. डॉक्टरांना बोलावतो, पण आधी त्या रोग्याला सांगायला हवं, आणि कोणी सांगायचं ते तुम्ही ठरवा. असं म्हणून ते फोनकडे वळले.

मी बाहेर आले. दादा बाकावर येऊन बसला होता आणि शेजारच्या बाईंना सांगत होता की माझं आज रद्द झालं, काहीतरी तांत्रिक दिसतंय. त्या त्याला धीर देत होत्या. घाबरू नका, माझं सकाळीच झालं, काहीच कळलं नाही हो, नुसतं पडून राहायचं, पाच मिनिटांत मोकळं. मी डॉक्टरांना भेटायला थांबलेय, त्या म्हणाल्या, बसवर कधी परत जायचं ते विचारायला. त्यांच्या गालावर मुखवट्याच्या जाळीचे वळ अजून पुसट दिसत होते. धावताना मी यांच्याच समोरून गेले होते.

दादाने माझा चेहरा बघितला आणि सरकून जागा केली. मी बसले. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्या बाईंकडे वळून सगळं सांगितलं, केबलपासून बटणापर्यंत, एका दमात, कारण थांबले असते तर पुढे गेले नसते. त्यांनी कानामागे हात नेला, तिथे काही लागतंय का ते चाचपलं, आणि हात परत मांडीवर ठेवला.

"तुम्हाला हे कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

साडेदहाला कळलं, असं सांगता आलं असतं. यादी मी साडेदहाला काढली होती, वेळा तेव्हाच लावल्या होत्या. कोणी ते खोटं म्हणालं नसतं.

"नऊ वाजून पाच मिनिटांनी," मी म्हणाले.

"मला साडेनऊला आत घेतलं," त्या म्हणाल्या.

दादाचा हात माझ्या पाठीवरून कधी निघाला, मला कळलं नाही. तो त्यांच्या बाजूला सरकून बसला होता.